हृदयाच्या आकाराबद्दल मत देता येत नाही

छातीचे एक्स-रे वाचण्यात बाईंची एकतीस वर्षं गेली, पण माणसाच्या छातीचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. वैताग आला तो छातीबरोबर येणाऱ्या चिठ्ठीचा.

प्रत्येक एक्स-रेबरोबर वॉर्डातून एक चिठ्ठी येते. रुग्णाला काय होतंय, कधीपासून होतंय आणि डॉक्टरांना कसली शंका आहे, हे लिहायला तिच्यावर चार ओळी छापलेल्या असतात. त्या चार ओळींत बाईंनी आजवर जे वाचलं त्याचं एक पुस्तक सहज निघालं असतं. ‘छाती. कृपया पाहावी.’ ‘दम.’ ‘नेहमीप्रमाणे.’ एकदा तर कारणाच्या रकान्यात नुसतं ‘एक्स-रे’ एवढंच होतं. तेव्हा बाईंनी वॉर्डात फोन लावून अत्यंत नम्रपणे सांगितलं होतं, “पाहिली हो छाती. दोन फुफ्फुसं आहेत, मधे हृदय आहे. आता आवडली म्हणून कळवू, की आणखी काही बघायचंय?”

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून वळल्यावर जी खोली लागते ती बाईंची. खिडकी होती, पण तिच्यावर काळा पडदा कायमचा ठोकलेला. समोर दोन पडदे संगणकाचे, शेजारी चाकांवरचं सोनोग्राफीचं यंत्र, आणि एक खुर्ची, जिच्यावर बसणाऱ्याला बाई उभ्या असतानाही आपण चुकीच्या जागी बसलोय असं वाटायचं. बाहेरचे लोक या खोलीत येताना डोळे बारीक करून यायचे. बाई त्यांच्याकडे डोळे बारीक करूनच बघायच्या, पण त्याला अंधार कारणीभूत नव्हता.

घरी गेलं तरी सुटका नव्हती. सासर-माहेर मिळून नातेवाईक भरपूर, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. कोणीतरी एक्स-रेची फिल्म खिडकीला धरायचं, फोटो काढायचं आणि पाठवायचं, “वहिनी, जरा बघता का? घाई नाही.” पाठोपाठ पाचव्या मिनिटाला, “बघितलंत का?” बाई उत्तर द्यायच्या, “बघितलं. खिडकीला गज आहेत, पलीकडे पाण्याची टाकी आहे आणि फिल्म उलटी धरली आहे. फुफ्फुसांबद्दल भेटल्यावर बोलू.” नणंद यावर महिनाभर रुसली होती. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले बाईंचे यजमान म्हणायचे, “हिला माणसं आवडतात. फक्त आतून.”

आता त्या शिक्क्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं इस्पितळ त्यांना ‘शिक्केवाल्या बाई’ म्हणूनच ओळखायचं.

छातीचा एक्स-रे खरा काढायचा तो उभ्याने, छाती प्लेटला चिकटवून, किरण पाठीकडून सोडून. पण जो माणूस उठूच शकत नाही त्याच्यासाठी यंत्र ढकलत वॉर्डात न्यावं लागतं. प्लेट पाठीखाली सरकवायची आणि किरण समोरून सोडायचे. अशा वेळी हृदय प्लेटपासून लांब राहतं. दिव्याजवळ हात धरला की भिंतीवर पंजा राक्षसाचा दिसतो, तसंच. खाटेवर काढलेल्या एक्स-रेत भल्याभल्यांचं हृदय मोठं दिसतं. हे पहिल्या वर्षी शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी सगळे विसरतात.

सहा वर्षांपूर्वी बाई रजेवर असताना पाय मोडलेल्या एका धडधाकट माणसाचा असा एक्स-रे निघाला. बदलीवर आलेल्या कोणा डॉक्टरने त्यावर ‘हृदय मोठे’ असा शेरा मारला. आठ महिने तो माणूस हृदयाच्या गोळ्या खात होता. जिना चढणं बंद, सायकल बंद, नातवाला उचलणं बंद. शेवटी त्याला उभा करून एक्स-रे काढला तेव्हा हृदय निघालं चारचौघांसारखं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच आठवड्यात त्यांनी रबरी शिक्का करून घेतला: ‘खाटेवर काढलेला एक्स-रे. हृदयाच्या आकाराबद्दल मत देता येत नाही.’ तेव्हापासून वॉर्डातून आलेल्या प्रत्येक एक्स-रेच्या अहवालावर हे वाक्य जांभळ्या शाईत उमटू लागलं, आणि बाईंच्या कोटाच्या उजव्या बाहीवरही.

बाहीची तक्रार करणारी एकच व्यक्ती होती. लाँड्रीतल्या मावशी. त्यांनी इस्पितळाच्या चादरी आणि कोट धुण्यात सव्वीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या दिवशी फुलं घेऊन झाल्यावर त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “बाई, रक्त निघतं, पू निघतो, तुमची शाई निघत नाही. एवढं काय ते मत देता येत नाही? एकदा देऊन टाका ना.”

याच मावशी एका सोमवारी मेडिकल वॉर्डात दाखल झाल्या. दम लागत होता, पाय सुजले होते, उभं राहवत नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘दम. छाती पाहावी.’ बाईंनी एक्स-रे पाहिला. फुफ्फुसांत न्यूमोनिया नाही, गाठ नाही, बरगड्या शाबूत. अहवाल लिहिला, शिक्का मारला. बुधवारी दुसरा एक्स-रे आला. ‘दम तसाच.’ फुफ्फुसं पुन्हा स्वच्छ. शिक्का. शुक्रवारी तिसरा. ‘नेहमीप्रमाणे.’ बाईंनी चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला, फुफ्फुसांचा कोपरान् कोपरा तपासला आणि तिसऱ्यांदा शिक्का मारला. मधे एकदा वॉर्डात जाऊन मावशींना भेटूनही आल्या. मावशी पलंगावरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणव्या बसल्या होत्या. “असं बसलं की जरा बरं वाटतं,” म्हणाल्या. बाई म्हणाल्या, “मग तसंच बसा,” आणि वॉर्डातल्या चादरी हल्ली कशा पिवळट असतात यावर दोघींचं एकमत झालं.

शनिवारी सकाळी मावशींची मुलगी एक्स-रे विभागात आली. तिला तिन्ही एक्स-रेच्या प्रती हव्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायच्या होत्या. “रोज सांगतात औषध चालू आहे. औषध चालू आहे ते मलाही दिसतंय,” ती म्हणाली. “आई उतरत चाललीय, तेवढं कोणी सांगत नाही.” एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे काका म्हणायचे. काकांनी प्रती काढण्यासाठी तिन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी उघडली.

बाई चहाचा कप घेऊन मागून चालल्या होत्या. जाता जाता त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “काका, तीन वेगवेगळ्या माणसांचे एकत्र कशाला लावलेत? घोळ होईल.”

“एकाच माणसाचे आहेत, बाई.”

“कुणाचे?”

“मावशींचे.”

बाईंनी कप यंत्रावर ठेवला. यंत्रावर कप ठेवणाऱ्याला त्या एरवी हाकलून देत.

सोमवारच्या चित्रात हृदयाची सावली मोठी होती. पण खाटेवरच्या चित्रात ती मोठीच असते. बुधवारी ती दोन्ही बाजूंना फुगली होती. शुक्रवारी ती पाणी भरून टेबलावर ठेवलेल्या रबरी पिशवीसारखी पसरून बसली होती, आणि भोवतालची फुफ्फुसं काळी, स्वच्छ, कोरडी. पाच दिवसांत कुणाचं हृदय असं वाढत नाही. वाढतं ते हृदयाभोवतीच्या पिशवीतलं पाणी.

“काका, यंत्राचं अंतर तिन्ही वेळा तेच होतं?”

“टेप लावून मोजतो मी. तुम्हीच एकदा त्यावरून सोलून काढलं होतं मला.”

“आणि पलंगाची पाठ?”

“तेवढीच उचललेली. अर्धी.”

म्हणजे प्रश्नच मिटला. खाटेवरच्या एका एक्स-रेवरून हृदयाच्या आकाराबद्दल मत देता येत नाही, हे खरं. पण एकाच यंत्राने, एकाच अंतरावरून, एकाच माणसाने काढलेले तीन एक्स-रे शेजारी ठेवले तर मत शेंबड्या पोरालाही देता येतं. फक्त ते शेजारी ठेवावे लागतात. बाईंनी एकेक करून पाहिले होते, आणि एकेका वेळी हृदयाशी येऊन शिक्क्याकडे हात नेला होता. सहा वर्षं त्या जगाला सांगत आल्या होत्या की तिकडे बघून शेरे मारू नका. जगाने ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते बाईंनी.

काका घसा खाकरून म्हणाले, “मला बुधवारीच वाटलं होतं. प्लेट भरल्यासारखी दिसत होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही म्हणाला होतात, काढायचं काम तुमचं, बघायचं माझं.”

असं आपण कधी म्हणालो, हे आठवायचा बाईंनी प्रयत्न केला. एकदा नाही, बऱ्याचदा म्हणालो होतो, असं निष्पन्न झालं. मुलगी एकदा काकांकडे, एकदा बाईंकडे बघत होती. “काय झालंय?” तिने विचारलं.

“वर चला,” बाई म्हणाल्या, आणि सोनोग्राफीचं यंत्र स्वतःच ढकलत निघाल्या. लिफ्ट मालाच्या खोक्यांनी अडवलेली होती. बाईंनी खोकीवाल्याला जे ऐकवलं ते ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे दोन रुग्णही पलंगावरून उठून बसले.

वॉर्डात मेडिकलचे प्रमुख डॉक्टर राउंडवर होते. त्यांना सगळे ‘मोठे साहेब’ म्हणत; उंची पाहता हे मानाने दिलेलं नाव होतं. मावशी उशीवर ओणव्या पडलेल्या, ओठ राखाडी, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ. सिस्टर इंजेक्शन भरत होत्या.

“सिस्टर, ते काय आहे?”

“लघवी होण्याचं, मॅडम. सरांनी आज डोस वाढवलाय.”

“देऊ नका.”

मोठे साहेब सावकाश वळले. “बाई, हा एक्स-रे विभाग नाही.”

“माहीत आहे. इथे उजेड आहे. साहेब, ही औषधं कशासाठी चाललीत?”

“हृदय दमलंय म्हणून. पायाला सूज, मानेच्या शिरा फुगलेल्या, दम. अंगातलं पाणी कमी करतोय. पण ब्लड प्रेशर काही केल्या टिकत नाही. आज नव्वदच्या खाली आहे.”

“हृदय दमलेलं नाही, दाबलं जातंय. बाहेर पाणी साठलंय. तुम्ही आतलं कमी करताय, त्यामुळे बिचाऱ्यात भरायला काही उरत नाहीये.”

“आणि हे तुम्हाला कशावरून कळलं?”

“एक्स-रेवरून.”

मोठ्या साहेबांनी फाइल उघडली. तिन्ही अहवाल काढले. तीन जांभळे शिक्के ओळीने मावशींच्या पायाशी मांडले. “तुम्हीच लिहिलंय, मत देता येत नाही. मग मी माझं दिलं.”

वॉर्डातले सगळे एकदम आपापल्या कामात गढून गेले. बाईंच्या जिभेवर चिठ्ठ्या आल्या होत्या. ‘दम.’ ‘नेहमीप्रमाणे.’ मावशी वाकून बसल्या की त्यांना बरं वाटतं हे एका ओळीत कोणी लिहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी त्यांनी हृदयाच्या पिशवीचा विचार केला असता. हे सगळं खरं होतं. पण वाकून बसलं की बरं वाटतं, हे मावशींनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, आणि त्या चादरींबद्दल बोलल्या होत्या.

“ते माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी इस्पितळात याआधी उच्चारल्याची नोंद नव्हती. मोठे साहेब उत्तर तयार ठेवून उभे होते, ते त्यांना गिळावं लागलं. “आता दोन मिनिटं द्या. मावशी, जेल थंड लागेल हं.”

“मला आता थंड काय नि गरम काय,” मावशी दोन शब्दांमागे एक श्वास घेत म्हणाल्या. “बाही सांभाळा.”

बाईंनी यंत्राचा प्रोब आधी फुफ्फुसांवर ठेवला, उजवीकडे, मग डावीकडे. हृदय दमल्यामुळे फुफ्फुसांत पाणी उतरलं असतं, तर पडद्यावर वरून खाली पांढऱ्या सरी लागलेल्या दिसल्या असत्या. एकही सर नव्हती. “बघा, कोरडी आहेत. हे कोरडं आणखी कोरडं करायचं औषध चाललंय.” मग प्रोब बरगड्यांखाली घालून वर वळवला. हृदय दिसलं. त्याच्याभोवती सगळीकडून काळा पट्टा होता, तीन बोटं रुंदीचा, आणि त्या काळ्या डोहात हृदय इकडून तिकडे झोके घेत होतं. प्रत्येक ठोक्याला त्याची उजवी भिंत आत खचत होती.

मोठे साहेब पडद्याकडे झुकले. “हे छातीच्या पोकळीतलं पाणी नाही ना? डाव्या बाजूचं?”

हा प्रश्न बरोबर होता. बाईंना त्याचा थोडा रागही आला, कारण आज रागवायला एखादा चुकीचा प्रश्न मिळाला असता तर बरं झालं असतं. त्यांनी प्रोब बरगड्यांमध्ये सरकवला. “हा गोल दिसतोय ना, ती महाधमनी. पोकळीतलं पाणी असतं तर तिच्या मागे गेलं असतं. हे तिच्या पुढे आहे, हृदय आणि तिच्या मधे. पिशवीतलंच आहे.”

“सुई घालावी लागेल.”

“आत्ता.”

“सिस्टर, लघवीचं ते इंजेक्शन टाकून द्या,” मोठे साहेब म्हणाले. “आणि सलाइन जोरात सोडा.”

पुढची वीस मिनिटं दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढंच बोलले. मुलीला पलंगाभोवतीच्या पडद्याबाहेर थांबवलं होतं. बाईंनी प्रोब धरून वाट दाखवली आणि मोठ्या साहेबांनी सुई घातली. सुईचं टोक पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं काळ्यात शिरलं तेव्हा बाईंचा श्वास अडकला; आजवर हजारो माणसांना ‘श्वास धरा’ म्हणून सांगितलेल्या बाई स्वतः तो सोडायला विसरल्या. सिरिंजमध्ये तांबूस पाणी आलं. पन्नास मिली. शंभर. दोनशे झालं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “प्रेशर शंभर.” मग नळी ठेवली. एकूण साडेसातशे निघालं. पडद्यावरचा काळा पट्टा करंगळीएवढा उरला, हृदय झोके घ्यायचं थांबून सरळ ठोके देऊ लागलं आणि मावशी उशीवरून उठून पहिल्यांदाच मागे टेकल्या.

“काय होतं हो?” त्यांनी विचारलं. आता शब्दांच्या मधे श्वास नव्हता.

“हृदयाभोवती पाणी होतं. मागे ताप आला होता का तुम्हाला?”

“आला होता की, महिन्याभरापूर्वी. छातीत दुखायचंही. सांगितलं मी सगळ्यांना.”

मोठे साहेब आणि बाई या दोघांनीही यावर सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

पडद्याबाहेर मुलगी उभी होती. मोठे साहेब तिला धीर देणारं काहीतरी सांगून पुढच्या पलंगाकडे गेले. बाई यंत्राची वायर गुंडाळत राहिल्या. ती चार वेळा गुंडाळून झाली तरी मुलगी हलेना.

“मॅडम, हे सोमवारी नव्हतं का?”

“थोडं असणार.”

“बुधवारी?”

“होतं.”

“मग आधी का नाही कळलं?”

बाईंकडे या प्रश्नाची तीन उत्तरं होती, तिन्ही शास्त्रशुद्ध. त्यांनी वायर खाली ठेवली. “कळायला हवं होतं. चित्रात दिसत होतं. मी बघितलं नाही.”

“पण बघायचं कामच तुमचं ना?”

“हो.”

मुलीला भांडायचं होतं, आणि समोरचं माणूस आधीच पडलं की भांडण पुढे नेता येत नाही. ती म्हणाली, “आईला हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

बाईंनी त्याच दुपारी सांगितलं. मावशींनी नीट ऐकून घेतलं आणि मग पलीकडच्या पलंगावरच्या बाईला, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, जसंच्या तसं सांगितलं. तेवढा हक्क त्यांचा होता.

“मग फेकून दिलास का तो शिक्का?” घरी यजमानांनी विचारलं.

“का फेकू? त्यातलं वाक्य खरं आहे.”

“मग?”

“मग काय मग! माणसाने खरं वाक्य किती वेळा वापरावं, ते त्यावर लिहिलेलं नाही.” बाई चिडल्या होत्या, आणि या वेळी कुणावर ते सांगता येत नसल्याने त्यांनी नणंदेने पाठवलेल्या फोटोला सविस्तर आणि अत्यंत सौम्य उत्तर लिहिलं. नणंदेने घाबरून लगेच फोन केला, “वहिनी, काही गंभीर आहे का?”

सोमवारी बाईंनी काकांना सांगितलं, “मागच्या दोन महिन्यांतले खाटेवरचे काढा. ज्यांचे दोन किंवा जास्त आहेत ते सगळे. शेजारी शेजारी लावा.”

“सगळे?”

“सगळे. आणि इथे बसा. काही वाटलं तर बोला.”

एकेचाळीस रुग्ण निघाले. नेहमीचं काम सांभाळून तीन दिवस लागले. काका पहिला दिवस गप्प बसले, दुसऱ्या दिवशी थोडं बोलले आणि तिसऱ्या दिवशी इतकं बोलू लागले की बाईंना जुने दिवस आठवले. चाळीस जणांत काही नव्हतं. एकात दुसऱ्या चित्रातली सावली पहिल्यापेक्षा जराशी रुंद होती. अगदी जराशी. तो माणूस तीन आठवड्यांपूर्वी घरी गेला होता. बाईंनी फाइलमधला नंबर लावला.

“कोण बोलतंय?” मागे ठोकाठोकीचा आवाज येत होता.

“इस्पितळातून बोलतेय. तुमची तब्येत कशी आहे?”

“उत्तम. का?”

“दम लागतो का?”

“आत्ता लागतोय. शिडीवर आहे.”

“खाली उतरा.”

“अहो बाई, तुम्ही आहात तरी कोण?”

उद्या सकाळी दहाला या, उभ्याने एक्स-रे काढायचा आहे, हे त्याच्या गळी उतरवायला बाईंना अकरा मिनिटं लागली. तो आला. काकांनी त्याची छाती प्लेटला चिकटवली, त्याने श्वास भरून धरला. बाईंनी चित्र पाहिलं, आणि समाधानासाठी प्रोबही ठेवून पाहिला. हृदय ठणठणीत होतं, भोवती पाण्याचा टिपूस नव्हता. मागच्या वेळी त्याने श्वास अर्धवट घेतला होता, एवढीच ती जराशी रुंदी.

“म्हणजे मला काही झालेलं नाही?” त्याने शर्टाची बटणं लावत विचारलं.

“नाही.”

“हे मी फोनवरच सांगितलं होतं.”

“हो, सांगितलं होतंत.”

मग तो सुरू झाला. कामाचा दिवस बुडाला. बायको रात्रभर झोपली नाही. तिने त्याच्या भावाला कळवलं, भाऊ गावाहून निघून आला आणि आता चार दिवस हलणार नाही. शिडी ज्यांच्या घरी लावली होती त्यांनी दुसरा माणूस बोलावला. “आणि उभ्यानेच काढायचा होता तर पहिल्यांदाच का नाही काढलात?”

“तेव्हा तुम्हाला उभं राहता येत नव्हतं.”

“मग उभं राहता येईपर्यंत थांबायचं होतं!”

बाईंनी तोंड उघडलं. काका दाराशी उभे होते, ते सवयीने दोन पावलं मागे सरकले.

“बरोबर आहे तुमचं,” बाई म्हणाल्या, जे अजिबात बरोबर नव्हतं, आणि त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. तिथपर्यंत जाताना त्याने भावाचं उरलेलं सगळं सांगितलं.